बीपीची गोळी आणि मिठाची पिशवी

महिन्याचं वाणसामान आलं की मिठाच्या पिशवीवर पेनाने तारीख लिहा. पिशवी संपेल त्या दिवशीची तारीख तिच्याखाली लिहा. चार मोठी माणसं असलेल्या घरात एक किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर मीठ खर्च होतंय. थोडं सांडतं, थोडं भाज्या धुवायला जातं हे धरलं तरी बहुतेक सगळं पोटातच जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. त्या हिशेबाने चौघांच्या घराला महिन्याला सहाशे ग्रॅम पुरायला हवं, आणि पापड, लोणचं, फरसाण, पाव, बिस्किटं यांतलं मीठही त्यातच धरायचं. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातला सरासरी माणूस रोज आठ ग्रॅम मीठ खातो असं दिसलं. बायकांचा आकडा सातच्या आसपास आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मीठ अनेक वाटांनी ताटात येतं. फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पांत वसलेल्या सिंधी घरांत पाहुण्यापुढे आधी पाणी आणि पापड येतो, आणि रविवारच्या नाश्त्याला दाल-पकवान असतं. अंबरनाथ-बदलापूरच्या आगरी घरांत पावसाळ्यासाठी सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवलेले असतात. गिरगाव, परळ, दादरहून इकडे राहायला आलेल्यांच्या माळ्यावर कुरडया, सांडगे, मिरगुंडं आणि कैरीच्या लोणच्याची बरणी असते. बदलापूरची जांभळं तर मीठ लावूनच खायची असा रिवाज. यातलं काहीच ‘बंद’ करा असं मी म्हणणार नाही. आईच्या हाताची चव कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीवर सोडत नाही. एका जेवणात खारट वस्तू एकच, एवढा नियम मात्र घरात लावता येतो. पापड असेल त्या दिवशी लोणचं नाही. सुक्या मासळीचं कालवण असेल तर मासळी दोनदा पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं आणि कालवणात वेगळं मीठ घालायचं नाही. पोळीच्या कणकेतलं आणि भातातलं मीठ आजपासून काढून टाका. वरण-भाजीसोबत खाताना ते कुणाच्या लक्षातही येत नाही. जेवणाच्या टेबलावरची मिठाची वाटी उचलून ओट्यावर ठेवा.

काही गैरसमज इथेच दूर करायला हवेत. पापड तळण्याऐवजी भाजला की तेल वाचतं, मीठ मात्र तेवढंच राहतं, आणि पापडखार हाही सोडियमचाच क्षार आहे. ढोकळ्यातला खायचा सोडा आणि ॲसिडिटीसाठी फसफसवून प्यायची पावडर, दोन्हींत सोडियम असतं. सैंधव महाग आहे, रंगाने सुंदर आहे, पण रक्तदाबाच्या दृष्टीने ते मीठच. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी मोठ्या माणसाला ते उपयोगी पडतं, पण किडनी कमजोर असलेल्या बाईला तेच पोटॅशियम घातक ठरू शकतं, म्हणून किडनीची तपासणी केल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. गरोदर बाईने आणि मुलांनीही ते घेऊ नये. मीठ कमी केल्यावर पहिले आठ-दहा दिवस जेवण अळणी लागतं. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते. तोवर लिंबू, कोकम, लसूण, कोथिंबीर, भाजलेलं जिरं हाताशी ठेवा. सिंधी घरातली साई भाजी, म्हणजे पालक, चुका, हरभऱ्याची डाळ आणि भाज्या एकत्र शिजवलेली, ही रक्तदाबासाठी फार चांगली भाजी आहे. शेजारणीकडून शिकून घ्या आणि मीठ निम्मं घाला.

मिठाचा आणि किडनीचा संबंध असा. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसभरात जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा शरीरात परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. तो दाब वर्षानुवर्षं या नाजूक गाळण्यांवर पडत राहिला की त्या जाड होतात, खराब होतात आणि रक्तातलं प्रथिन लघवीतून गळू लागतं. खराब झालेली किडनी मग मीठ नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तदाब आणखी वाढतो. हे सगळं होताना दुखत काहीच नाही. पाय सुजणं, सकाळी डोळ्यांखाली सूज येणं, लघवीला न मोडणारा फेस येणं, रात्री वारंवार उठावं लागणं ही लक्षणं दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. किडनी निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणं मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब. दोन्ही मोजून कळतात आणि दोन्ही आटोक्यात ठेवता येतात.

बायकांबद्दल वेगळं लिहिण्याचं कारण आहे. २०१८ साली जागतिक किडनी दिन ८ मार्चला, महिला दिनालाच आला होता, आणि त्या वर्षीचा विषय ‘किडनी आणि स्त्रियांचं आरोग्य’ हाच होता. दीर्घकालीन किडनीविकार जगभर पुरुषांपेक्षा बायकांत थोडा जास्त आढळतो, पण डायलिसिसवर पुरुष जास्त असतात. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आई, बायको, बहीण यांची संख्या मोठी आहे, आणि किडनी मिळणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष आहेत. घरासाठी शरीराचा अवयव काढून देणारी बाई स्वतःच्या लघवीची साधी तपासणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवऱ्याच्या गोळ्या वेळेवर देणाऱ्या कित्येकजणींना स्वतःचा रक्तदाब किती आहे हे सांगता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पंधरा वर्षांवरील दर पाच बायकांपैकी एकीचा रक्तदाब वाढलेला आढळला. तरी आपल्याकडे जास्त ऐकू येतं ते ‘माझा बीपी लो होतो’ हेच. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली की मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, आणि बीपी मोजायचाच नाही. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी असल्याचं दिसलं. चक्कर अनेकदा रक्त कमी असल्याची, उपाशीपोटी राहिल्याची किंवा कमी झोपेची असते. मोजल्याशिवाय मीठ-पाणी पिऊ नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

रक्तदाब मोजायलाही शिस्त लागते. वरचा आकडा १२० आणि खालचा ८०, किंवा त्याहून थोडं कमी, हे निरोगी. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त येत राहिला तर रक्तदाबाचा आजार आहे. घरी मोजताना ही रेषा १३५/८५ धरतात. आता आपल्याकडे मोजणं कसं होतं ते पाहा. बाई लोकलमधून उतरते, पूल चढते, उतरते, थेट दवाखान्यात शिरते, पर्स मांडीवर, कुर्त्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, आणि डॉक्टर ‘काय त्रास होतोय?’ विचारत असताना ती उत्तर देत असते. असा आलेला आकडा विश्वासाचा नाही. आधी लघवीला जाऊन या, कारण तुंबलेल्या लघवीनेही दाब वाढतो. अर्धा तास आधी चहा, मिश्री, तंबाखू नको. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीला लावून, पाय एकमेकांवर न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा करा. घट्ट बाही वर सरकवली की तीच दंडाला आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून काढून घ्या. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीवर हवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, छोट्या पट्ट्यावर आकडा फुगून येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वहीत तारखेसकट लिहा. सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून, पहिला दिवस सोडून सरासरी काढली की डॉक्टरांना तुमचं खरं चित्र दिसतं.

मनगटावरचं यंत्र घेऊ नका, दंडावरचं घ्या. एकटीला परवडत नसेल तर बचत गटाने किंवा भिशीतल्या मैत्रिणींनी मिळून एक घ्यावं. इमारतीत एक यंत्र असलं की दहा घरांचं काम होतं.

मिश्रीचा उल्लेख ओघात आला, पण तो विषय गंभीर आहे. सकाळी दात घासायची म्हणून हिरड्यांना लावलेली मिश्री भाजलेली तंबाखूच असते. तिने रक्तदाब चढतो, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळा. ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणणाऱ्या आजी-काकूंना रागावून उपयोग नाही. दिवसातून पाचदा लावत असतील तर आधी तीनदा, मग एकदा, असं करत सोडवा. सकाळी कोमट पाणी आणि एखादं फळ दिलं की पोटाची तक्रारही कमी होते.

बदलापूरहून मुंबईला लोकलने जायला साधारण दीड तास लागतो, आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. त्यामुळे सकाळपासून पाणीच न पिण्याची सवय कित्येकजणींना लागलेली आहे. त्याचा पहिला फटका किडनीला बसत नाही, मूत्रमार्गाला बसतो: जळजळ, वारंवार लघवी, ओटीपोटात दुखणं. असा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊन वर किडनीपर्यंत चढला, थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या बाजूला दुखू लागलं, तर मात्र प्रकरण गंभीर होतं. त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक घेऊन वेळ मारून नेऊ नका. लघवीची कल्चर तपासणी करून मगच औषध घ्या. प्रवासाआधी अर्धा तास पाणी थांबवा, पण कार्यालयात पोचल्यावर दोन पेले प्या, दुपारभर थोडं थोडं पीत राहा, आणि निघण्याआधी लघवीला जाऊन या. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं पाणी पुरे. भरपूर पाणी प्यायल्याने किडनी ‘धुऊन निघते’ हे खरं नाही. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे किंवा पायांवर सूज आहे, त्यांना पाणी मोजूनच प्यावं लागतं.

माझ्या मते मिठाच्या खालोखाल सर्वांत मोठा धोका वेदनाशामक गोळीचा आहे. उल्हासनगरात घरोघरी जीन्सचे धागे कापणाऱ्या, मशीनवर आठ-आठ तास बसणाऱ्या बायका आहेत. अंबरनाथच्या एमआयडीसीत दिवसभर उभं राहून पॅकिंग करणाऱ्या आहेत. गुडघे, कंबर, मान दुखते. पाळीतही दुखतं. औषधांचा डबा उघडावा तर डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनची पट्टी असतेच. कधीतरी एखाद-दोन गोळ्या घेतल्या तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. रोज, महिनोन्‌महिने घेतल्या की या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, रक्तदाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या औषधाचा असरही घटवतात. रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्या बाईने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. जुलाब-उलट्या चालू असताना तर मुळीच नको. पॅरासिटामॉल ठरल्या मात्रेत त्यामानाने सुरक्षित आहे. शेकणं, गुडघ्यांचे व्यायाम, तासातासाने उठून दोन मिनिटं चालणं आणि वजन थोडं उतरवणं याने कमी होणारं दुखणं गोळीने दाबून ठेवू नका.

गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, हे प्रत्येक बाईने डॉक्टरांना स्वतःहून सांगायला हवा, बाळंतपण वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिन जाऊ लागलं, तर अशा बाईला पुढे रक्तदाबाचा, हृदयरोगाचा आणि किडनीच्या आजाराचा धोका इतरजणींपेक्षा कितीतरी जास्त असतो. बाळंतपणानंतर बीपी उतरला, गोळ्या बंद झाल्या, आणि घरातले सगळे तो प्रसंग विसरले, असंच होतं. दरवर्षी एकदा रक्तदाब आणि लघवीची तपासणी करा, आणि माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा. आता गरोदर असाल आणि बीपी १४०/९० आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. १६०/११० असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा पोटात वरच्या बाजूला दुखत असेल, तर एक तासही थांबू नका.

बीपीच्या गोळ्यांबद्दलही याच ओघात सांगते. ‘टेल्मिसार्टन’सारख्या ‘सार्टन’ने संपणाऱ्या आणि ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्या किडनीला जपतात, आपल्याकडे त्या खूप दिल्या जातात आणि जनऔषधी केंद्रात स्वस्तही मिळतात. पण गरोदरपणात त्या चालत नाहीत, बाळाला इजा होते. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. गर्भनिरोधक गोळ्यांनीही काहींचा रक्तदाब वाढतो, तेव्हा त्या चालू असताना मोजत राहा. आणि कृपा करून ‘डोकं दुखेल तेव्हा बीपीची गोळी’ हा प्रकार थांबवा. आकडा नॉर्मल आला याचा अर्थ गोळी काम करते आहे, तिची गरज संपली असा होत नाही. हरतालिकेचा किंवा सिंधी घरांतल्या तीजरीचा निर्जळी उपवास, गोळी न घेता, किडनीविकार असलेल्या बाईने करू नये. पाणी आणि गोळी घेऊन केलेला उपवास देवाला पोचतो अशी माझी श्रद्धा आहे.

आणखी एक धोका खास बायकांच्या वाट्याला येतो. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या दोन बहिणी आणि त्यांची आई गोरं होण्याच्या क्रीममुळे किडनीच्या आजाराने आजारी पडल्या, ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला गाजली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीच्या गाळण्या बिघडवतो. कुणी बनवलं, कशाचं बनवलं हे ज्या डबीवर छापलेलं नाही ती डबी पार्लरमधून असो वा बाजारातून, घेऊ नका. चार दिवसांत चेहरा उजळला तर खूश होण्याआधी संशय घ्या. भस्मं घातलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांनाही हेच लागू आहे.

व्यायामाबद्दल सगळ्या जाणतातच. ‘दिवसभर उभीच असते’ हे खरं असलं तरी घरकामाने पायांवर ताण येतो, दम लागत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालायचं. उल्हासनगरचं गोल मैदान असो, अंबरनाथच्या शिवमंदिराचा परिसर असो की इमारतीची गच्ची, जागा मिळेल ती चालेल. वजन एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. पाळी बंद होण्याच्या वयात वजन आणि दाब दोन्ही चढू लागतात, म्हणून पंचेचाळिशीनंतर चालणं टाळू नका.

आता तपासणी. दोन चाचण्या पुरतात: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. क्रिएटिनिनचा रिपोर्ट वाचताना बायकांची फसगत होते. पन्नाशीच्या पुरुषाचं आणि पन्नाशीच्या बाईचं क्रिएटिनिन सारखंच १.२ आलं, तर हिशेबाने पुरुषाचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ७४ च्या आसपास येतो आणि बाईचा ५५. बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. त्यामुळे ‘१.२ म्हणजे नॉर्मलच’ असं कुणी म्हटलं तर ईजीएफआर किती ते विचारा. तीन महिन्यांनंतरही तो ६० च्या खाली राहिला तर किडनीतज्ज्ञांना दाखवा. लघवीतलं प्रमाण ३० च्या वर असेल तर ईजीएफआर चांगला असूनही गळती सुरू झाली आहे, आणि औषधाने ती रोखता येण्याची हीच वेळ असते.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तिथून सुरुवात करा. कुणाला डायलिसिसची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते उपचार बसतात. १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करा. पण तिथवर जाऊ नका. रक्तदाब, मधुमेह, जुना मुतखडा, गरोदरपणातला बीपी किंवा घरात कुणाला किडनीचा आजार, यांपैकी एकही गोष्ट तुम्हाला लागू असेल तर या दोन चाचण्या याच महिन्यात करून घ्या, आणि जाताना आईला किंवा सासूबाईंनाही सोबत न्या.